रंग गेला, उरलं काय?

सुती कापडाला गडद काळा किंवा गडद निळा रंग द्यायचा असला, की डाईंग मास्टर रंगाच्या डब्याआधी मिठाच्या पोत्यांकडे बघतो. रिअ‍ॅक्टिव्ह जातीचा रंग पाण्यात सहज विरघळतो. त्याला पाणी सोडून धाग्याकडे ढकलायला मीठ लागतं, आणि गडद छटेसाठी ते लिटरला साठ-ऐंशी ग्रॅम असतं. मग सोडा अ‍ॅश टाकून पाणी अल्कधर्मी केलं, की रंगाचा रेणू धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. पण त्याच वेळी काही रेणूंची अभिक्रिया धाग्याऐवजी पाण्याशीच होते. असे रेणू नंतर कुठल्याच धाग्याला धरत नाहीत. कापड धुताना, सोपिंग करताना ते पाण्याबरोबर निघून जातात. रंगाची जात आणि छटा यांनुसार हे वाया जाणारं प्रमाण दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतं. माझे वडील इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, डाईंग मास्टर होते. ‘शेड जितकी गडद, तितका रंग गटारात जास्त’ हे त्यांच्या तोंडून मी रसायनशास्त्राचं पहिलं पुस्तक उघडण्याआधी ऐकलं होतं.

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि निवृत्तीपर्यंत तेच शिकवलं. बुरशीकडे वळण्याचं कारण मात्र घरातलंच होतं. वडील जे पाणी सोडायचे त्यातला रंग कोण खाऊ शकेल, हा प्रश्न माझ्यासोबत प्रयोगशाळेत आला. त्याचं उत्तर आज विज्ञानाकडे बऱ्यापैकी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची विकरं, म्हणजे एन्झाइम, कापडाच्या रंगाचे रेणू तोडतात. यात आता शंका नाही. पण रंग जाणं वेगळं आणि पाणी सुधारणं वेगळं. हा फरक सांभाळला नाही, तर एका चांगल्या शोधाची नुसती जाहिरात उरेल, म्हणून हे लिहिते आहे.

पक्का रंग, पक्की अडचण

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला. दोनच वर्षांनी, १८५८ साली, पीटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञाने अशी अभिक्रिया शोधली, जिच्यातून अ‍ॅझो रंगांचं सगळं घराणं जन्माला आलं. अ‍ॅझो रंगात नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्बनची वलयं असतात. आज वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच घराण्यातले आहेत. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने धाग्याशी थेट बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले आणि सुती कापडावर ‘पक्का रंग’ घरोघरी पोहोचला.

आपण दुकानात विचारतो, रंग जाणार नाही ना? उन्हात, घामात, साबणात टिकेल ना? रसायनज्ञांनी अगदी हेच टिकाऊपण त्या रेणूत घातलेलं आहे. कापडावर जो गुण, तोच पाण्यात दोष ठरतो. सांडपाण्याच्या प्लँटमधले नेहमीचे जिवाणू कापडावरची खळ खातात, मैला खातात, पण हा रेणू हवेशीर टाकीत तसाच पुढे जातो. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी रंग असला तरी तो डोळ्यांना दिसतो. नदीत तो उजेड अडवतो. उजेड अडला की शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू कमी सोडतात. त्यात सायझिंगची खळ आणि गावांचा मैला कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतात. पंचगंगेच्या काठी तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांच्या बातम्या आमच्या भागात नव्या नाहीत. त्याला एकट्या रंगाला जबाबदार धरता येणार नाही. शहरांचा मैला आणि इतर कारखान्यांचं पाणीही त्यात आहे. पण रंगाने नदीचं दुखणं वाढतं, हे नक्की.

रंग कधी कधी आपणहून समोर येऊन उभा राहतो. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी पडलेली भटकी कुत्री दिसली. कासाडी नदीच्या परिसरातले ते फोटो जगभर गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. मला त्या फोटोंपेक्षा जास्त भीती वाटते ती जे दिसत नाही त्याची.

ती भीती अशी. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू अ‍ॅझो बंध तोडू शकतात आणि पाणी बघता बघता स्वच्छ दिसू लागतं. पण बंध तुटला की दोन्ही बाजूंची वलयं ‘अ‍ॅरोमॅटिक अमाइन’ बनून सुटी होतात. त्यांना रंग नसतो. त्यांतली काही, बेंझिडिनसारखी, माणसाला कर्करोग करणारी आहेत. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ सालीच नोंदवून ठेवलं होतं. बेंझिडिनवर आधारित आणि इतर अनेक घातक अ‍ॅझो रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली, ती याच कारणाने. म्हणून पाण्याचा रंग नाहीसा झाला एवढ्यावर समाधान मानायची माझी तयारी नाही.

लाकूड पांढरं करणारी बुरशी

पावसाळ्यात आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या वाळलेल्या बुंध्यावर पंख्यासारखी, कडक, पट्ट्यापट्ट्यांची बुरशी उगवते. तिच्याखालचं लाकूड नखाने उकरून बघा. ते पांढरट, तंतुमय आणि हलकं झालेलं असतं. लाकडात सेल्युलोजचे तंतू सळयांसारखे असतात आणि त्यांच्याभोवती लिग्निन काँक्रीटसारखं भरलेलं असतं. लिग्निनचा रंग तपकिरी. ते काढून टाकलं की पांढरं सेल्युलोज उरतं, म्हणून या बुरशींना श्वेतकूज म्हणजे ‘व्हाइट रॉट’ बुरशी म्हणतात. ट्रॅमेटिस त्यांतली, गॅनोडर्मा त्यांतली, आणि बाजारात मिळणारी धिंगरी अळिंबीही त्यांतलीच.

लिग्निन मोडणं अवघड आहे, कारण त्याच्या रचनेला ठरावीक आकृतिबंध नाही. कार्बनची वलयं वेगवेगळ्या बंधांनी, वाटेल तशी जोडलेली असतात. असा अवाढव्य रेणू बुरशीच्या पेशीत शिरत नाही. म्हणून बुरशी आपली विकरं बाहेर सोडते, आणि ही विकरं रेणूचा आकार फारसा न बघता वलयातून इलेक्ट्रॉन काढून घेतात. इलेक्ट्रॉन गेला की वलय अस्थिर होतं आणि बंध तुटू लागतात. कापडाच्या रंगातही कार्बनची वलयंच असतात. निसर्गात हा रंग कधी नव्हता, तरी लाकडासाठी घडलेली ही विकरं त्यालाही धरतात, ती यामुळे.

यातलं सगळ्यात कामाचं विकर लॅकेज. १८८३ साली जपानी संशोधक योशिदा यांनी लॅकर झाडाचा चीक हवेत घट्ट का होतो याचा शोध घेताना त्याचं वर्णन केलं, आणि पुढच्या दशकात फ्रान्समध्ये ते बुरशीतही सापडलं. लॅकेजच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. वलयांकडून घेतलेले इलेक्ट्रॉन हे अणू हवेतल्या प्राणवायूला देतात आणि प्राणवायूचं पाणी होतं. महागडं रसायन लागत नाही, हवा पुरते. दुसरी दोन विकरं म्हणजे लिग्निन परॉक्सिडेज आणि मँगनीज परॉक्सिडेज. त्यांना थोडं हायड्रोजन परॉक्साइड लागतं, पण त्यांची ताकद जास्त. लिग्निन परॉक्सिडेजचा शोध १९८३ मध्ये लागला. अमेरिकेत मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेत मिंग टिएन आणि केंट किर्क यांनी ते ‘फॅनेरोकीट क्रिसोस्पोरियम’ या बुरशीत शोधलं. त्याच वर्षी ओरेगनमध्ये ग्लेन आणि गोल्ड यांनी याच बुरशीने रंगांचे मोठे रेणू फिके करून दाखवले. त्यांचा हेतू लिग्निनवरच्या कामाचा अभ्यास सोपा करण्याचा होता. लिग्निनचं तुटणं मोजणं किचकट, रंगाचं जाणं डोळ्यांना दिसतं. तिथून कापड रंगवण्याच्या सांडपाण्यापर्यंतचा रस्ता आपोआप खुला झाला.

आता अमाइनचा प्रश्न. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी भातावरच्या करपा रोगाच्या बुरशीतलं लॅकेज घेऊन काही अ‍ॅझो रंग तोडले. त्यात अ‍ॅझो बंधातला नायट्रोजन वायूच्या रूपाने निघून जाण्याचा मार्ग त्यांनी मांडला. हवेत जसा आहे तोच निरुपद्रवी नायट्रोजन. गाळातले जिवाणू ज्या जागी बंध कापून अमाइन मोकळी करतात, तिथे हे विकर वेगळ्या बाजूने शिरतं. बुरशीबद्दल मला जी आशा वाटते ती या एका रासायनिक फरकामुळे. अर्थात प्रत्येक रंगाची वाट निराळी असते. म्हणून प्रत्येक वेळी मागे काय उरलं हे तपासावंच लागतं.

बशीत आणि काचेच्या बरणीत

आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी पावसाळ्यात झाडांवरची बुरशी आणून ग्वायकॉल हे रसायन घातलेल्या बशीत वाढवायचे. लॅकेज सोडणारी बुरशी असली की तिच्याभोवती लालसर तपकिरी कडं उमटतं. त्याच बुरशीला मग रेमेझॉल ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग घातलेल्या बशीत लावायचं. बुरशीभोवतीचा निळा हळूहळू फिकट होऊन पारदर्शक कडं तयार झालं, की मुलं आनंदाने एकमेकांना बोलवायची. मी तिथेच त्यांना पुढचं काम द्यायचे. रंग तुटला की बुरशीने नुसता पिऊन ठेवला?

त्यासाठी धिंगरीचं काड कामी येतं. आमच्या भागात गव्हाचा भुसा, सोयाबीनचं काड, उसाचं पाचट भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, पिशव्यांत भरून त्यावर धिंगरी घेतात. दोन-तीन तोडे झाले की ते काड खतात जातं. पण त्यात बुरशीचे तंतू जिवंत असतात आणि लॅकेजही असतं. एका बरणीत हे काड आणि रंगाचं पाणी, दुसऱ्या बरणीत तेच काड उकळून मारलेलं आणि तेच पाणी. दोन्हींत पाणी फिकं होतं. पण मेलेल्या काडाच्या बरणीत काड स्वतः निळं पडतं, म्हणजे रंग फक्त जागा बदलतो. जिवंत काड आधी निळं होतं आणि मग दिवसागणिक पुन्हा फिकं होत जातं, म्हणजे तिथे रेणू खरोखर तुटतो आहे. ‘काड बघा, पाणी बघू नका’ हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना पाठ झालं होतं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाने कापडाच्या रंगांवर बरीच वर्षं काम केलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहात असलेल्या अ‍ॅस्परजिलस ऑक्रेशियस या बुरशीचा त्यांनी रंग घालवण्यासाठी अभ्यास केला. पुढे यीस्ट, जिवाणू आणि फुलझाडंही तपासली. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रक्रिया झालेल्या पाण्यात ज्वारी, गहू, मूग यांचं बी रुजवून कोंब आणि मूळ किती वाढलं हे मोजायचं. रंग मोजणारं यंत्र काहीही सांगो, बी रुजलं नाही तर पाणी अजून विषारी आहे. शिरोळ तालुक्यात नदीकाठी शेती करणाऱ्या माणसाला ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही.

बुरशीला न मानवणारं पाणी

मग हे सगळीकडे का दिसत नाही? विकराला जे वातावरण हवं आणि रंगाच्या मशिनमधून जे पाणी निघतं, त्यात फार मोठं अंतर आहे. बुरशीच्या लॅकेजला आम्लधर्मी पाणी आवडतं, साधारण ४ ते ५ सामू. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं पाणी निघतं १० ते ११ सामूचं. ते निघतं तेव्हा साठ अंश किंवा त्याहून गरम असतं. आणि रंगवताना घातलेल्या मिठातलं क्लोराइड अनेक लॅकेजांचं काम रोखून धरतं, कारण ते तांब्याच्या अणूंजवळ जाऊन बसतं. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ हा सर्वत्र वापरला जाणारा काळा रंग बऱ्याच लॅकेजांना एकट्याने तोडता येत नाही. मध्ये एखादा छोटा ‘मध्यस्थ’ रेणू द्यावा लागतो, आणि तो मध्यस्थ स्वतः विषारी नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं. उघड्या टाकीत तर जिवाणू पटकन वाढून बुरशीला मागे टाकतात.

उद्योगात विकर चालतच नाही असं मात्र नाही. लॅकेज डेनिमच्या धंद्यात १९९० च्या दशकातच आलं. जीन्सचा निळा फिका करायला ते गिरण्यांत वापरतात. तिथे काम जमतं, कारण पाणी, सामू आणि तापमान गिरणीच्या हातात असतं. हे लक्षात घ्यावं. विकर जिथे ठरावीक पाण्यात, ठरावीक कामाला लावलं, तिथे यशस्वी झालं.

सांडपाण्याच्या सामायिक प्लँटमध्ये नेमकं उलटं असतं. दहा प्रोसेसचं पाणी, सायझिंगची खळ, कॉस्टिक, मीठ, वीस जातींचे रंग, सगळं एकत्र येतं. तिथे आज मुख्यतः चुना आणि फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसवतात. त्याचा गाळ होतो, आणि धोकादायक कचरा म्हणून तो रांजणगावसारख्या ठिकाणी भरावात जातो. तिथेही रंगाचा रेणू तुटलेला नसतो, जमिनीत ठेवलेला असतो. शिवाय मीठ पाण्यातच राहतं. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद ठेवायला सांगितले. त्यानंतर तिथे पाणी बाहेर न सोडण्याची, मीठ आटवून परत मिळवण्याची व्यवस्था उभी राहिली. ती खर्चिक आहे, पण तिने एक गोष्ट उघड केली. मीठ कुठलीही बुरशी खाणार नाही, त्याची सोय वेगळीच करावी लागते.

पावडर घेण्याआधी

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण आता स्वतःच्या प्रोसेस बघतात. त्यांच्यापैकी एकाचा फोन येतो, ‘मॅडम, एन्झाइमची पावडर विकणारा आलाय. टाकीत टाकली की रंग जातो म्हणतो. घेऊ का?’ मी त्याला तीन गोष्टी विचारायला सांगते. चाचणी शुद्ध पाण्यात रंग घोळून केली, की तुझ्या हौदातल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात? रंग गेल्यावर अमाइन आणि एकूण सेंद्रिय कार्बन मोजला का? आणि त्या पाण्यात मूग रुजला का? या तिन्हींची लेखी उत्तरं मिळाली, तर थोड्या पाण्यावर करून बघ. नाही मिळाली, तर पैसे वाचव.

त्याच फोनवर मी आणखी एक सांगते, आणि माझ्या लेखी तेच मुख्य आहे. कापड रंगवून झाल्यावर पहिल्यांदा सोडलेलं पाणी नंतरच्या धुण्याच्या पाण्यात मिसळू देऊ नकोस. या पहिल्या हौदाच्या पाण्यात मीठ आणि न बसलेला रंग दाट असतो. आकारमान थोडं, त्रास जास्त. नंतरची धुणी मोठी असतात, पण त्यांत मीठ कमी, रंग पातळ, तापमान सोसेल असं. पहिलं पाणी वेगळ्या टाकीत घेतलं तर मीठ परत मिळवायची सोय परवडू शकते. पुढची धुणी थंड करून, सामू खाली आणून, तंतूंवर किंवा मण्यांवर बसवलेल्या विकरातून किंवा धिंगरीच्या काडाच्या थरातून नेता येतात. बुरशीनंतर नेहमीच्या जिवाणूंची टाकी लावली तर तुटलेले तुकडे ते संपवतात. अशी जोडणी एका प्रोसेसच्या आवारात, महिना-दोन महिने, खऱ्या पाण्यावर चालवून बघता येईल. त्यासाठी नवा शोध लागायची वाट बघावी लागत नाही. लागते ती एक वेगळी पाइपलाइन आणि पाणी कुठून किती निघतं ते लिहून ठेवायची सवय.

आज ही वेगळी पाइपलाइन घालणाऱ्याला कुणी सवलत देत नाही आणि न घालणाऱ्याला कुणी विचारत नाही. हे बदललं पाहिजे. नव्या प्रोसेसला परवानगी देताना पहिल्या हौदाचं पाणी वेगळं घेण्याची अट घाला. सामायिक प्लँटच्या तपासणीत रंगाच्या आकड्याबरोबर बी रुजवण्याची चाचणी घ्या आणि तिचे निकाल नदीकाठच्या ग्रामपंचायतींना कळवा. आसपासच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं आहेत, गावांत धिंगरी घेणाऱ्या बायकांचे बचत गट आहेत, गावातच प्रोसेस आहेत. या तिघांना एका कामावर बसवणं शहराला परवडण्याजोगं आहे. माझ्या वडिलांच्या पिढीने रंग पक्का बसवण्याचं कसब मिळवलं आणि इचलकरंजीला नाव दिलं. तो रंग तोडण्याचं कसबही याच गावात शिकवलं गेलं पाहिजे, कारण रंगाचं पाणी इथूनच निघतं आणि इथल्याच शेतात जातं.